माळ ओवणारा केमिस्ट : एमिल फिशर

फिशर हे नाव आपल्या इंजिनीअरिंगच्या मंडळींना नवं नाही. बारावीत ग्लुकोजची ती उभी शिडी काढताना फिशर प्रोजेक्शन भेटतं. केमिकलला आल्यावर पावडरीतला ओलावा मोजायला कार्ल फिशर टायट्रेशन येतं, कोळशापासून इंधन करायची फिशर-ट्रॉप्श पद्धत येते, आणि अल्कोहोल व आम्ल एकत्र तापवून एस्टर करताना पुन्हा फिशरच. एकाच माणसाने एवढं सगळं केलं तर तो जेवायचा कधी, असं आमच्या विंगमध्ये एकाने विचारलं होतं. उत्तर सोपं आहे, ही माणसं वेगवेगळी. टायट्रेशनवाला कार्ल वेगळा, ट्रॉप्शचा जोडीदार फ्रांझ वेगळा, आणि रक्तातल्या हीमवर काम करून १९३० चं नोबेल मिळवणारा हान्स आणखी वेगळा. मी लिहितोय तो या सगळ्यांत वयाने आणि मानाने थोरला, एमिल फिशर. शिडी त्याची, एस्टरही त्याचाच.

त्याच्यापर्यंत मी पोचलो तो सेमिनारच्या निमित्ताने. विषय होता सेल-पेनिट्रेटिंग पेप्टाइड्स, म्हणजे पेशीच्या आत शिरू शकणारी पेप्टाइड्स. थोडक्यात सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा दुहेरी पडदा असतो. जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर, पण रात्री अकरानंतरच्या हॉस्टेलच्या वॉचमनपेक्षा कडक. औषधाचा रेणू लहान असला, साधारण ५०० डाल्टनच्या आतला, तर तो बऱ्याचदा आत सटकतो. प्रथिनं, जनुकांचे तुकडे असले मोठे रेणू मात्र बाहेरच ताटकळतात. अँटिबॉडीचं वजन असतं दीड लाख डाल्टन! इन्सुलिनही ५,८०० डाल्टनचं आहे, पण त्याचं काम चालतं, कारण त्याला आत जावंच लागत नाही. ते दारावरची बेल वाजवतं, पुढचं घरातली मंडळी बघतात. पण बिघाड घराच्या आतच असेल तर काय करायचं?

१९८८ साली अमेरिकेतल्या दोन गटांना स्वतंत्रपणे एक गंमत दिसली. एचआयव्ही विषाणूचं टॅट नावाचं एक प्रथिन पेशींच्या बाहेरच्या पाण्यात सोडलं, तरी ते आपणहून आत शिरत होतं. पुढे लक्षात आलं की आत शिरायचं काम त्यातला फक्त ११ अमिनो आम्लांचा एक तुकडा करतो. त्या अकरांत सहा आर्जिनिन, दोन लायसिन, म्हणजे धन विद्युतभार ठासून भरलेला. हा तुकडा एखाद्या मोठ्या रेणूला बांधला, की तो मोठा रेणूही त्याच्यासोबत आत जातो. १९९९ मध्ये तर उंदरांच्या शरीरात याच युक्तीने सुमारे १,२०,००० डाल्टनचं एक एन्झाइम पेशींमध्ये पोचवून दाखवलं गेलं. लग्नाच्या पंगतीत ओळखीच्याचं बोट धरून घुसावं, तसला प्रकार.

अकरा मण्यांची एक छोटी माळ, आणि तिच्यात एवढी ताकद. माझ्या डोक्यात साधा प्रश्न आला, की असले मणी एकामागोमाग ठरवून ओवायला पहिल्यांदा कोण शिकलं? पेप्टाइड हा शब्दच मुळात कोणाचा? उत्तर निघालं एमिल फिशर, साल १९०२. त्याचं चरित्र वाचायला घेतलं आणि पी.एल. मध्ये अभ्यास सोडून तेच वाचत बसलो. विद्वत्तेच्या गोष्टी तर त्यात आहेतच, पण या विद्येची त्याने दिलेली किंमत जास्त लक्षात राहिली. म्हणून हा लेख.

एमिलचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ चा, जर्मनीत बॉनजवळच्या ऑयस्किर्शेन या गावी. वडील लॉरेन्झ मोठे व्यापारी. बहिणींच्या पाठचा हा एकुलता एक मुलगा, त्यामुळे धंदा यानेच सांभाळायचा हे त्याच्या जन्माआधीच ठरल्यासारखं होतं. आपल्याकडे डॉक्टर-इंजिनीअरचं असतं तसं. पोरगा शाळेत हुशार. १८६९ मध्ये उत्तम गुणांनी शेवटची परीक्षा पास झाला, आणि वडिलांनी त्याला नात्यातल्याच एकाच्या लाकडाच्या व्यापारात शिकायला बसवलं. तिथे याचं मन रमेना. हिशोबाच्या वह्या एकीकडे आणि हा दुसरीकडे काहीबाही रसायनं एकत्र करत बसलेला. शेवटी वडिलांनी हात टेकले. धंद्याला लागणारी अक्कल या पोरात नाही, तेव्हा याला शिकू द्यावं, असा निष्कर्ष त्यांनी काढल्याचं सांगतात. धंद्यात नापास झाला म्हणून विद्यापीठात गेला, असा हा उलटा मामला!

१८७१ मध्ये बॉन विद्यापीठात प्रवेश. तिथे बेंझिनच्या कड्याचे जनक केकुले शिकवायला होते. इतका मोठा मास्तर समोर असून एमिलचा ओढा मात्र फिजिक्सकडे होऊ लागला. केमिस्ट्री सोडायच्या बेतात होता, तेवढ्यात चुलतभाऊ ओटो फिशर मध्ये पडला आणि १८७२ मध्ये त्याला घेऊन स्ट्रासबुर्गला गेला. तिथे अडोल्फ बायर भेटले. हे बायर म्हणजे ज्यांनी कृत्रिम नीळ तयार करून दाखवली ते. पुढे १८९७ पासून त्या कृत्रिम निळीचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं आणि आपल्या बिहार-बंगालमधल्या निळीच्या शेतीचा बाजार बसला. चंपारण्याच्या कहाणीचा एक धागा असा थेट या जर्मन प्रयोगशाळांपर्यंत जातो. बायर यांच्या हाताखाली एमिलचं केमिस्ट्रीवर मन बसलं ते कायमचं. १८७४ मध्ये रंगद्रव्यांवरच्या कामासाठी डॉक्टरेट मिळाली, तेव्हा वय पुरतं बावीसही नव्हतं.

दुसऱ्याच वर्षी, १८७५ मध्ये, त्याच्या हाती ते द्रव्य आलं ज्याने त्याचं आयुष्य घडवलं आणि पोखरलंही. फिनाइलहायड्रॅझिन. पिवळसर, तेलकट द्रव. त्याच वर्षी बायर म्युनिकला गेले आणि पाठोपाठ हाही गेला. तिथे चुलतभावाबरोबर त्याने रोझॅनिलिन जातीच्या रंगांची रचना उलगडली. मग एर्लांगेनला प्राध्यापक, नंतर वुर्झबुर्ग, आणि १८९२ मध्ये थेट राजधानी बर्लिन. मधल्या काळात बी.ए.एस.एफ. या रंगांच्या बड्या कंपनीने आपली संशोधन प्रयोगशाळा सांभाळायला बोलावलं होतं, ते त्याने नाकारलं. वडिलांच्या कृपेने पैशाची ददात नव्हती हे खरं, पण प्लेसमेंटच्या सीझनमध्ये ही ओळ वाचताना मी जरा थबकलो एवढं खरं.

आता फिनाइलहायड्रॅझिनने काय केलं ते सांगतो, कारण इथे फिशर यांचं डोकं दिसतं. (इथून पुढे अहो-जाहो करतो, ते आता प्राध्यापक झालेत.) त्या काळी साखरेवर काम करणं म्हणजे शिक्षा होती. साखरा शुद्ध करायच्या तर स्फटिक व्हायला हवेत, आणि या साखरांचा नुसता चिकट पाक व्हायचा. घरी चिक्कीचा पाक बिघडल्यावर पातेल्याचं काय होतं ते आठवा. कोणती साखर कोणती, हेच कळेना. फिशर यांनी १८८४ च्या सुमारास या पाकांत फिनाइलहायड्रॅझिन घालून तापवलं आणि सुंदर पिवळे स्फटिक खाली बसले. त्यांना ओसाझोन म्हणतात. प्रत्येकाचा आकार आणि वितळण्याचा बिंदू ठरलेला. बायोटेकच्या मुलांनी प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली ग्लुकोजचे केरसुणीसारखे स्फटिक बघितले असतील. ती ही फिशर यांची देणगी.

गंमत पुढेच आहे. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तिन्ही साखरांनी एकच ओसाझोन दिला. ओसाझोन होताना साखळीतल्या वरच्या दोनच कार्बनांना धक्का लागतो. म्हणजे या तिघींचा खालचा सगळा भाग सारखाच असला पाहिजे! एवढ्याशा धाग्यावरून त्यांनी पुढचं कोडं सोडवायला घेतलं. व्हान्ट हॉफ यांच्या सिद्धांताप्रमाणे ग्लुकोजच्या साखळीत चार कार्बन असे, की ज्यांच्यावरचे गट उजवीकडे किंवा डावीकडे असू शकतात. चार जागा, प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे एकूण सोळा शक्यता. यातली ग्लुकोज नेमकी कोणती? एक्स-रे नाही, एन.एम.आर. नाही. साधनं काय, तर थर्मामीटर, तराजू आणि प्रकाशाचं वळण मोजायची नळी. एखादी साखर ऑक्सिडाइझ केल्यावर प्रकाश वळवते की नाही, दोन साखरांची टोकं अदलाबदल केली तर तीच साखर मिळते की वेगळी, असे एकेक प्रश्न विचारत त्यांनी एकेक शक्यता खोडली. १८९१ मध्ये उत्तर हाती आलं. सुडोकूत एकेक आकडा खोडत शेवटचा चौकोन भरावा तसं. फरक एवढाच, की इथे एकेक आकडा खोडायला कित्येक महिने लागत होते.

कागदावर ही रचना दाखवायला त्यांनी जी पद्धत घेतली तीच आपली शिडी. त्यात एक अडचण होती. रेणू आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब, यातलं खरं ग्लुकोज कोणतं हे तेव्हाच्या कुठल्याच प्रयोगाने ठरत नव्हतं. फिशर यांनी सरळ एक बाजू निवडली आणि पुढे चालू लागले. बरोबर यायची शक्यता निम्मी. १९५१ मध्ये हॉलंडमध्ये बाइफुट यांनी एक्स-रे वापरून तपासलं तेव्हा निघालं, की फिशर यांची निवड बरोबर होती. नाहीतर जगभरच्या पुस्तकांतल्या सगळ्या शिड्या उलट्या काढाव्या लागल्या असत्या!

साखरांबरोबरच दुसरं एक घराणं त्यांनी हाताळलं. युरिक आम्ल, चहा-कॉफीतलं कॅफीन, कोकोमधलं थिओब्रोमिन, ही एकाच मूळ सांगाड्याची पिल्लं आहेत हे त्यांनी दाखवलं आणि त्या सांगाड्याला प्युरिन हे नाव दिलं. कॅफीन त्यांनी प्रयोगशाळेत बनवलं, १८९८ मध्ये खुद्द प्युरिनही बनवलं. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्याला जागं ठेवणारा रेणू आणि आपल्या डी.एन.ए. मधले अॅडेनिन व ग्वानिन हे सख्खे नातलग आहेत, हे पक्कं झालं ते या माणसामुळे. साखरा आणि प्युरिन या दोन्ही कामांसाठी १९०२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. ते या विषयातलं दुसरंच नोबेल. पहिलं आदल्या वर्षी व्हान्ट हॉफ यांना मिळालं होतं, ज्यांच्या सिद्धांतावर फिशर यांनी आपली साखरेची इमारत उभी केली.

१८९४ मध्ये त्यांनी आणखी एक कल्पना मांडली, कुलूप आणि किल्लीची. एन्झाइम हे कुलूप, पदार्थ ही किल्ली, आकार जुळला तरच काम होणार. आज या चित्रात दुरुस्त्या झाल्या आहेत, कुलूपही थोडं वाकतं-वळतं हे कळलंय. पण औषधं शोधणाऱ्या कुठल्याही कंपनीत आजही पहिला विचार हाच असतो.

बाहेरून बघताना हे सगळं झळाळतं दिसतं. आत काय चाललं होतं? ज्या फिनाइलहायड्रॅझिनने यश दिलं, ते वर्षानुवर्षं हाताला लागत होतं, श्वासात जात होतं. त्याची विषबाधा हळूहळू होते. त्वचेवर एक्झिमा उठला, पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या, कामातून मोठ्या सुट्ट्या घ्याव्या लागल्या. घरीही सुख टिकलं नाही. १८८८ मध्ये त्यांनी अॅग्नेस गेर्लाख हिच्याशी लग्न केलं, तिचे वडील एर्लांगेनला शरीररचनेचे प्राध्यापक होते. सात वर्षांत, १८९५ मध्ये, ती वारली. मागे तीन लहान मुलगे. फिशर यांनी पुन्हा लग्न केलं नाही. जगातला सगळ्यात मोठा सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ म्हणून ज्याचं नाव घेतलं जात होतं, तो माणूस संध्याकाळी घरी येऊन काय करत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अशा अवस्थेत, १८९९ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी सगळ्यात अवघड विषय हाती घेतला. प्रथिनं. तोवर एवढं माहीत होतं की प्रथिनं आम्लात उकळली की त्यांची अमिनो आम्लं होतात. पण ती एकमेकांना कशी जोडलेली असतात यावर एकमत नव्हतं. फिशर यांनी आधी अमिनो आम्लं वेगळी करायची नवी पद्धत बसवली. त्यांचे एस्टर करायचे आणि हवा काढून कमी दाबाखाली डिस्टिल करायचे. म्हणजे आपली व्हॅक्यूम डिस्टिलेशनच. या पद्धतीतून त्यांना दुधातल्या केसिनमध्ये प्रोलिन सापडलं.

मग जोडणी. इथली अडचण इंजिनीअरला लगेच कळेल. प्रत्येक अमिनो आम्लाला दोन टोकं, एक अमिनो आणि एक आम्ल. एकाला हूक, दुसऱ्याला काज समजा. दोन वेगळे मणी नुसते एकत्र टाकले तर कोणाचा हूक कोणाच्या काजात अडकेल याचा नेम नाही. फिशर यांची युक्ती अशी : ज्या मण्याला पुढे लावायचं आहे त्याला अमिनो गट द्यायचाच नाही, त्या जागी ब्रोमीन किंवा क्लोरीन बसवायचं. म्हणजे त्याला हूकच नाही. काजाचं टोक क्लोराइड करून तरतरीत करायचं, की ते समोरच्या मण्याच्या हुकात अडकतं. जोडणी झाली की अमोनिया घालून ब्रोमीन काढायचं, तिथे अमिनो गट येतो. हूक तयार, पुढचा मणी लावा. १९०१ मध्ये त्यांनी फूर्नो या सहकाऱ्याबरोबर दोन मण्यांची ग्लायसिल-ग्लायसिन ही जोडी जाहीर केली. (ती त्यांनी वेगळ्या, जास्त सोप्या वाटेने केली होती.)

सप्टेंबर १९०२ मध्ये कार्ल्सबाड इथे (आजचं चेक प्रजासत्ताकातलं कार्लोवी व्हारी) जर्मन शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांचं मोठं संमेलन भरलं. तिथे एकाच दिवशी दोन माणसांनी एकच गोष्ट सांगितली, सकाळी फ्रांझ हॉफमाइस्टर यांनी आणि नंतर फिशर यांनी. प्रथिनांत अमिनो आम्लं एकमेकांना अमाइड बंधाने जोडलेली असतात. हॉफमाइस्टर तिथे तर्काने पोचले होते, फिशर हाताने जोडून. या छोट्या साखळ्यांना फिशर यांनी पेप्टाइड हे नाव दिलं. माझ्या सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवरचा शब्द इथे जन्मला.

पुढची पाच वर्षं माळ वाढत गेली. १९०७ मध्ये अठरा मण्यांपर्यंत पोचली, पंधरा ग्लायसिन आणि तीन ल्युसिन, रेणूभार १,२१३. दरम्यान एमिल आब्डरहाल्डेन यांच्याबरोबर त्यांनी ही कृत्रिम पेप्टाइड्स स्वादुपिंडाच्या पाचक रसात ठेवून बघितली. निसर्गात सापडणाऱ्या बाजूच्या अमिनो आम्लांची साखळी रस तोडतो, आरशातल्या उलट्या प्रतिमांच्या साखळीला हात लावत नाही. कुलूप-किल्लीचा हा रोकडा पुरावा. यातून आपण बनवतोय ती खरोखर निसर्गातल्यासारखीच जोडणी आहे, याचीही खात्री पटली.

आता हे माझ्या विषयाशी कसं जुळतं पाहा. टॅटसारख्या पेप्टाइडची मोठी दुखणी दोन. एक, शरीरातली पाचक एन्झाइम त्याला चटकन तोडतात. दोन, आत जाताना ते बहुतेक वेळा पेशीने पोटात घेतलेल्या पिशवीत, एंडोसोममध्ये, अडकतं. म्हणजे फाटकातून आत आलं, पण व्हरांड्यातच कोंडलं गेलं. सुरुवातीच्या प्रयोगांत पेशी मारून, स्थिर करून काचपट्टीवर बघायचे, तेव्हा पेप्टाइड सगळीकडे पसरलेलं दिसायचं. २००३ मध्ये दाखवलं गेलं की हा पसारा बऱ्याच अंशी पेशी स्थिर करण्याच्या प्रक्रियेतच होतो, जिवंत पेशीत ते ठिपक्यांसारखं पिशव्यांत दिसतं. त्या पिशवीतून सुटका कशी करायची, यावर अजून डोकं चालवणं सुरू आहे. पहिल्या दुखण्यावरचा एक उपाय मात्र फिशर यांच्या वहीतलाच आहे. उलट्या, आरशातल्या अमिनो आम्लांची साखळी बनवायची. एन्झाइमच्या कुलपात ती किल्ली बसत नाही, त्यामुळे ती तुटत नाही. आणि पेशीच्या पडद्याला तिची बाजू उजवी की डावी याचं सोयरसुतक नसतं, भार हवा फक्त. त्यामुळे ती आत शिरतेच. शंभर वर्षांपूर्वीचं निरीक्षण आजच्या औषधाच्या कामी येतं ते असं.

एका बाबतीत फिशर यांची नजर मात्र अडली. प्रथिनांचा रेणू फार तर चार-पाच हजार डाल्टनचा असेल, त्याहून मोठे राक्षसी रेणू नसतात, असं त्यांचं मत होतं. ज्याने रेणूंची माळ लांब करायला शिकवलं, त्यालाच माळ किती लांब असू शकते याचा अंदाज आला नाही. मोठे रेणू खरोखर असतात हे श्टाउडिंगर यांनी १९२० पासून मांडलं, तेव्हा फिशर हयात नव्हते. इन्सुलिनच्या ५१ मण्यांचा पूर्ण क्रम सँगर यांनी १९५५ पर्यंत लावला. आणि १९६३ मध्ये मेरिफिल्ड यांनी माळेचं एक टोक प्लॅस्टिकच्या बारीक मण्याला पक्कं बांधून पुढचे मणी लावायची पद्धत काढली. त्यामुळेच आज अकरा मण्यांचं पेप्टाइड मशीनवर एक-दोन दिवसांत होतं.

त्यांच्या प्रयोगशाळेची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. बर्लिनची नवी इमारत १९०० मध्ये सुरू झाली. ओटो डील्स, ओटो वारबुर्ग अशी पुढे नोबेल मिळवणारी मंडळी फिशर यांच्या हाताखाली तयार झाली. पण मुलींना तिथे प्रवेश नव्हता. १९०७ मध्ये लिझे माइटनर ही तरुणी ओटो हान यांच्याबरोबर किरणोत्सारावर काम करायला आली. फिशर यांनी तिला परवानगी दिली, पण अट घातली. तळघरातल्या जुन्या सुतारकामाच्या खोलीत बसायचं, वरच्या प्रयोगशाळांत यायचं नाही. इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, तिला रस्त्यावरच्या हॉटेलात जावं लागे. ही माइटनर म्हणजे पुढे अणुविखंडनाचा अर्थ सांगणारी! १९०८ मध्ये प्रशियाने विद्यापीठं मुलींना खुली केली आणि मग फिशर यांनीही बंदी उठवली. पुढे तिला पगारी जागा मिळण्यात त्यांचाच हात होता. माणूस बदलला, हे चांगलंच. पण तळघरातली ती दोन वर्षं कोणी परत देत नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये आणि सर्व्हे कॅम्पवर मुलींनी काय करावं यावर मतं देणाऱ्यांनी हे एकदा आठवून बघावं.

शेवटची वर्षं अंधाराची. १९११ च्या कैसर विल्हेल्म संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. फ्रांझ फिशर ज्या कोळसा संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले, त्यामागेही एमिल फिशर होते. १९१४ ला महायुद्ध पेटलं. जर्मनीच्या बाजूने ९३ विद्वानांनी जे जाहीर पत्रक काढलं, त्यावर त्यांची सही आहे. देशासाठी रसायनं आणि अन्नाच्या पर्यायांची व्यवस्था लावण्यात ते बुडून गेले. त्याच युद्धकाळात तीनपैकी दोन मुलगे गेले. उरला एक हर्मन. तो पुढे स्वतः नावाजलेला बायोकेमिस्ट झाला आणि त्याच्यामुळेच वडिलांची पत्रं आज अमेरिकेत बर्कलीच्या ग्रंथालयात सुरक्षित आहेत. १९१८ मध्ये फिशर यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. ते १९२२ मध्ये छापलं गेलं, पण ते बघायला ते नव्हते. आतड्याचा कर्करोग झाला होता. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६६. आपल्या मालमत्तेतली मोठी रक्कम त्यांनी तरुण केमिस्टांच्या मदतीसाठी ठेवली होती.

आमच्या लॅबमध्ये फ्यूम हूडचा पंखा आवाज करतो म्हणून बंद करणारे, हँडग्लोव्हज घातले की ड्रॉपर नीट धरता येत नाही म्हणून काढून ठेवणारे मी रोज बघतो. फिशर यांच्याकडे पर्याय नव्हता. फिनाइलहायड्रॅझिन किती घातक आहे हे जगाला त्यांच्यासारख्यांच्या शरीरावरूनच कळलं. आज त्याच्या बाटलीवर कवटीचं चिन्ह असतं. ते कोणीतरी आपल्या आधी सोसलंय म्हणून आहे.

पेशीच्या दारापाशी अडकलेलं मोठं औषध आत पोचवायचं काम अजून पुरं झालेलं नाही. २०२० पासूनच्या कोरोनाच्या एम.आर.एन.ए. लसींनी चरबीच्या थेंबात गुंडाळून मोठे रेणू आत नेता येतात हे दाखवलं, पेप्टाइडची वाट अजून चाचपडत पुढे चाललीय. ती वाट आपल्यापैकी कोणी पुढे नेईलही. नेताना लक्षात ठेवावं असं मला वाटतं ते एवढंच : मणी एकेक करूनच ओवावा लागतो, घाई करून माळ होत नाही. आणि ओवणाऱ्याचे हात शाबूत राहिले पाहिजेत.